मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय : आमच्या पक्षीवाल्या ग्रुपनं सहा महिने वापरून पाहिलं त्याचा रिव्ह्यू

दिवाळीच्या दहा दिवस आधी आमचं पेज गेलं. आमचं म्हणजे नागपुरातल्या अकरा जणांचं, जे दर रविवारी पहाटे कधी अंबाझरी, कधी गोरेवाडा, आणि उशीर झाला तर नुसतं फुटाळ्यावर पक्षी पाहायला जातात. पेज एका फार मोठ्या कंपनीच्या सोशल मीडियावर होतं, नाव नाही घेत. एका ॲडमिनचं अकाउंट कोणीतरी हॅक केलं, त्यानं बाकीचे ॲडमिन काढून टाकले आणि पेजवर घड्याळांच्या जाहिराती सुरू. आम्ही फॉर्म भरले, ओळखपत्राचे फोटो पाठवले, प्रत्येक वेळी तेच छापील उत्तर, आणि एक दिवस पेजच दिसेनासं झालं. नऊ वर्षांच्या नोंदी होत्या हो त्यात. कोणत्या हिवाळ्यात पट्टकदंब हंस पहिल्यांदा कोणत्या तारखेला दिसले, सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी ओव्हरफ्लो होऊन वस्त्यांमध्ये पाणी शिरलं त्याच्या आधी तलावाच्या काठाला काय काय होतं आणि नंतर काय उरलं, सगळं. आमच्यातल्या सगळ्यात नियमित येणाऱ्या काकू, शाळेतून निवृत्त झालेल्या, त्या रविवारी पोह्याच्या टपरीवर काहीच बोलल्या नाहीत, नुसती तर्री ढवळत बसल्या. मला ते अजून डोळ्यासमोर दिसतं.

तेव्हाच ठरवलं की आता असं काहीतरी पाहू जिथं आपलं ते आपल्या हातात राहील. कॉम्प्युटरचं थोडंफार मला समजतं म्हणून काम माझ्याकडे आलं. पण अट काकूंनी घातली, की दर वेळी मला फोन करायला लागू नये, त्यांच्या त्यांना जमलं पाहिजे. दुसरी अट घुबडाची होती. शहराबाहेर एका ठिकाणी शृंगी घुबडाची जोडी दर वर्षी घरटं करते, ठिकाण सांगणार नाही, कारण एकदा का जागा पसरली की कॅमेरे घेऊन गर्दी होते, आणि दिवाळीच्या दिवसांत अंधश्रद्धेपायी घुबडं पकडली जातात हे पक्षी पाहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. म्हणजे काही गोष्टी जगाला दिसाव्या, काही फक्त अकरा जणांना. आणि हे ठरवायचं आम्ही, ॲपनं नाही.

शोधता शोधता मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय सापडले, दोन्ही डिसेंट्रलाइज्ड, म्हणजे सगळं एकाच कंपनीच्या हातात राहू नये म्हणून बनवलेले सोशल मीडिया. हे समजावून सांगायला मला यूपीआयच बरं पडलं. पोहेवाल्याच्या डब्यावर एक क्यूआर चिकटवला आहे, तुमच्याकडे फोनपे असो, गूगल पे असो, नाही तर बँकेचं स्वतःचं ॲप असो, पैसे जातातच, भाऊ तू कोणत्या ॲपवाला असं तो विचारत नाही. आपल्या नेहमीच्या सोशल मीडियाचं तसं नाही, या ॲपवाला त्या ॲपवाल्याला फॉलो करू शकत नाही, आणि कंपनी बंद झाली की सगळं बंद. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, कू जुलै २०२४ मध्ये बंद झालं, तिथं तर कितीतरी लोक मराठीतच लिहायचे. मॅस्टोडॉन २०१६ मध्ये जर्मनीतल्या ऑयगेन रोश्को नावाच्या प्रोग्रामरनं काढलं. त्यात एक कंपनी नाही, हजारो सर्व्हर आहेत, म्हणजे लोकांची खाती आणि पोस्ट ठेवणारे कॉम्प्युटर, कोणाचा युनिव्हर्सिटीचा, कोणाचा गावाचा, कोणाचा चार दोस्तांचा, प्रत्येकाचे नियम वेगळे, पण सगळे ॲक्टिव्हिटीपब नावाची एकच भाषा बोलतात, म्हणून इथला तिथल्याला फॉलो करू शकतो. भारतात याचं नाव पहिल्यांदा मोठ्यानं ऐकू आलं ते २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये, सुप्रीम कोर्टातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर अकाउंट बंद केलं गेलं तेव्हा. बरेच लोक तिकडे गेले, आणि बरेचसे परतही आले. काहून परत आले हे समजून घ्यायचं असेल तर फाटकावर, म्हणजे खातं उघडताना, काय होतं ते पाहा.

फाटकावर विचारायचे, सर्व्हर निवडा. आता ज्या माणसाला सर्व्हर म्हणजे काय हेच माहीत नाही त्यानं काय निवडायचं? काकूंनी पहिला प्रश्न हाच विचारला, "पण मला कोणता बरा?" आणि खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी याचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं, कारण सर्व्हरचा चांगलेपणा त्याचा ॲडमिन अडचणीच्या वेळी कसा वागतो त्यावर असतो आणि ते राहिल्याशिवाय समजत नाही. भाड्याच्या घरासारखं आहे, घरमालक कसा आहे ते पहिल्या पावसाळ्यात कळतं. मे २०२३ पासून मॅस्टोडॉनच्या ॲपमध्ये यात बदल केला आहे, पहिलं मोठं बटन सरळ मॅस्टोडॉन डॉट सोशलवर, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या मोठ्या सर्व्हरवर, खातं उघडण्याचं आणि त्याच्या खाली दुसरा सर्व्हर निवडण्याचं. यावर जुन्या लोकांनी फार आरडाओरड केली, की सगळे एकाच सर्व्हरवर जातील, मग डिसेंट्रलाइज्ड कुठं राहिलं.

इथं परत यूपीआय घ्या. तुमचा यूपीआय आयडी कधी नीट पाहिला आहे का? नावापुढे ॲट ओकेएसबीआय किंवा ॲट वायबीएल असं काहीतरी असतं. हे अगदी मॅस्टोडॉनच्या पत्त्यासारखंच आहे, आधी नाव आणि मग सर्व्हर. पण गूगल पे उघडताना तुम्हाला कोणी परीक्षेला बसवलं नाही की आधी चार बँकांचे नियम वाचा आणि हँडल निवडा. ॲपनं आपलं आपण एक देऊन टाकलं, तुम्ही पोहेवाल्याला पैसे देऊन मोकळे. ज्याला पुढे बदलायचं त्यानं सेटिंगमध्ये जावं. मला वाटते मॅस्टोडॉननं उशिरा का होईना बरोबर केलं. ताबा लोकांच्या हातात पाहिजेच, पण तो फाटकावर मागून नाही घ्यायचा, माणूस आत बसला, पाणी प्यायला, ओळखी झाल्या, की मग त्याला समजते आपल्याला काय पाहिजे.

पण आरडाओरड करणारे अगदीच चुकीचे होते असं नाही. यूपीआयमध्येही तयार दिलेलं तेच लोक ठेवतात, त्यामुळे बहुतेक सगळा व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोघांकडेच जमा झाला, इतका की एका ॲपकडे ३० टक्क्यांच्या वर व्यवहार नको असा नियम यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयला करावा लागला आणि तो लागू करायची मुदत पुढे ढकलत ढकलत डिसेंबर २०२६ पर्यंत नेली. म्हणजे सोपं केलं की गर्दी एका जागी होतेच. मग बाहेर जायचा रस्ता कसा आहे, माझ्यासाठी सगळा रिव्ह्यू या एका प्रश्नावर येऊन थांबतो. मोबाइल नंबर पोर्ट करणं देशभर जानेवारी २०११ पासून सुरू झालं, १९०० वर एसएमएस टाकायचा, नंबर तोच, कंपनी वेगळी. त्याच्या आधी आपण किती वर्षं खराब नेटवर्क सहन केलं, का तर नंबर सगळ्यांकडे दिलेला आहे म्हणून.

मॅस्टोडॉनमध्ये पोर्ट होते, पण अर्धं. नवीन सर्व्हरवर खातं उघडायचं, जुन्याला सांगायचं की मी तिकडे चाललो, फॉलोअर आपोआप तिकडे जातात, हे खरंच सुरेख आहे, मोठ्या कंपन्यांच्या ॲपवर असं कुठंच नाही. पण पोस्ट जुन्याच जागी राहतात. त्यांची फाइल उतरवून घेता येते, नवीन जागी चढवता येत नाही. गप्पा मारणाऱ्याला काही फरक नाही पडत, पण आमचं सगळं काम नोंदींचं, तारखेचं. आमच्यासाठी ही मोठी कमी आहे आणि याचे मी स्टार कापून राहिलो.

सर्व्हर बंद पडायची भीती खोटी नाही. मॅस्टोडॉन डॉट एलओएल नावाचा चांगला भरलेला सर्व्हर २०२३ मध्ये ॲडमिन थकला म्हणून बंद झाला, त्यानं तीनेक महिने आधी सांगितलं तरी. क्विअर डॉट एएफ नावाचा सर्व्हर तर फेब्रुवारी २०२४ मध्ये वेगळ्याच कारणानं गेला, एएफ हे डोमेन अफगाणिस्तानचं, तिथल्या तालिबान सरकारच्या हातात, त्यांनी ते डोमेनच बंद केलं. नाव दिसायला छान म्हणून घेतलं होतं, पण नावाची मालकी कोणाची हे पाहायला पाहिजे होतं. म्हणून निवडताना एक गोष्ट नक्की पाहा, सर्व्हर मॅस्टोडॉनच्या जॉइनमॅस्टोडॉन या वेबसाइटवरच्या यादीत आहे का. त्या यादीत यायला सर्व्हरनं काही वचनं द्यावी लागतात, रोज बॅकअप, ॲडमिनशिवाय आणखी किमान एका माणसाकडे अडचणीच्या वेळी शिरायची सोय, आणि बंद करायचं असेल तर तीन महिने आधी सूचना. आमचं पेज ज्यानं गेलं ती चूक यातल्या दुसऱ्या वचनात बरोब्बर पकडली आहे, ते वाचून मी थोडा वेळ गप्पच बसलो.

आता आतलं. मॅस्टोडॉनमध्ये पोस्ट टाकताना दर वेळी ठरवता येतं कोणाला दिसेल, सगळ्यांना, सगळ्यांना पण गाजावाजा न करता, फक्त फॉलोअरला, किंवा नाव घेतलेल्यांनाच. फॉलोअर आधी तपासून घ्यायची सोयही आहे. आम्ही दोन खाती केली, एक उघडं आणि एक कुलूप लावलेलं, कुलूपवाल्यात आम्ही अकराच. काकूंना हे कुलपाचं चित्र दोन मिनिटांत समजलं, कारण घराला कुलूप असतं हे समजवायला लागत नाही. जिथं चित्र आणि शब्द साधे आहेत तिथं चार पर्यायही जड जात नाहीत, आणि जिथं शब्द विचित्र आहेत तिथं एकसुद्धा जास्त होतो. फेडरेटेड टाइमलाइन हा शब्द घ्या ना, त्याच्या जागी "आमच्या सर्व्हरला माहीत असलेलं सगळं जग" असं काहीतरी लिहिलं असतं तर मला आठ लोकांना आठ वेळा समजवायला नसतं लागलं.

एक सावधगिरी मात्र मोठ्या अक्षरात सांगतो. हे कुलूप म्हणजे लॉकर नाही. मॅस्टोडॉनवरचे खासगी मेसेज एंड टू एंड एन्क्रिप्टेड नसतात, सर्व्हर चालवणारा मनात आणलं तर वाचू शकतो, आणि मॅस्टोडॉन स्वतःच तशी सूचना देतो. म्हणून घुबडाची जागा आम्ही कुलूपवाल्या खात्यातही नाही लिहीत. ती तोंडी. तिथं फक्त इतकंच की यंदा पिल्लं दोन आहेत आणि बरी आहेत.

दुसरीकडच्या ओळखीच्या माणसाचं प्रोफाइल ब्राउझरमध्ये उघडलं आणि फॉलो दाबलं की मॅस्टोडॉन विचारतं, तुमचा सर्व्हर कोणता, आणि मग तिकडून फिरून यावं लागतं. ॲपच्या आतल्या सर्चमध्ये पूर्ण पत्ता टाकला तर हे होत नाही, पण हे कोणीतरी सांगितल्याशिवाय समजत नाही. आणि खूप कामाची सेटिंग, जुन्या पोस्ट आपोआप काढणं किंवा फाइल उतरवणं, ही वेबसाइटच्या सेटिंगमध्ये जाऊन करावी लागते. ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांना हातात ताबा आहे हे माहीतच नाही पडत. आमच्या अकरापैकी सात जणांकडे कॉम्प्युटर नाही.

याच्या उलट ॲप आपल्या आवडीचं वापरता येतं ही फार मोठी गोष्ट. अँड्रॉइडवर टस्की म्हणून आहे, फुकट, हलकं, जुन्या फोनवर चालतं, काकूंना तेच लावून दिलं. ट्विटरनं २०२३ च्या जानेवारीत बाहेरची ॲप एका झटक्यात बंद केली होती, इथं तसं कोणी करू शकत नाही. आमच्यात एक दादा आहेत, त्यांना दिसत नाही, ते पक्षी आवाजावरून ओळखतात आणि आमच्यापेक्षा चांगले ओळखतात, फोन टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीवर, चालवतात. मॅस्टोडॉनवर फोटोखाली वर्णन लिहायची पद्धत लोकांनी फार मनापासून लावून घेतली आहे, वर्णन नसलं तर आठवण करून देणारे भेटतात, पंधराशे अक्षरांपर्यंत लिहिता येतं. नऊ वर्षांत आम्ही कधी लिहिलं नव्हतं. आता लिहितो, मराठीत. दादा म्हणाले की इतकी वर्षं तुम्ही फोटो टाकत होते आणि मी नुसतं "फोटो" "फोटो" ऐकत होतो. हे सेटिंगमुळे नाही झालं, तिथल्या लोकांच्या सवयीमुळे झालं.

ब्लूस्कायकडे येऊ. हे ट्विटरचे तेव्हाचे प्रमुख जॅक डॉर्सी यांनी २०१९ मध्ये जाहीर केलं होतं, २०२१ मध्ये त्याची वेगळी कंपनी झाली, ६ फेब्रुवारी २०२४ पासून आमंत्रणाशिवाय सगळ्यांना उघडं झालं. फाटक इतकं सोपं की काकूंनी माझ्या मदतीशिवाय खातं उघडलं, मी पोह्यांचे पैसे देऊन येईपर्यंत. सर्व्हरचा प्रश्न आहे, पण तो एका छोट्या ओळीत, आधीच भरलेला, ज्याला नको त्यानं पाहूसुद्धा नये. मला पाहिजे होतं ते हेच. स्टार्टर पॅक नावाची सोय आहे, कोणीतरी दीडशेपर्यंत लोकांची यादी बनवून ठेवतो, तुम्ही एक बटन दाबलं की सगळे फॉलो, पहिल्या दिवशी रिकामं घर वाटत नाही. आणि फीड, म्हणजे समोर येणाऱ्या पोस्टची रांग, ते तर बापरे, कोणीही स्वतःचं फीड बनवू शकतो, फक्त पक्ष्यांचं फीडही आहे, म्हणजे काय दिसावं हे कंपनीच्या एका गणितावर नाही, तुम्ही निवडलेल्या गणितावर. ज्याला काही निवडायचं नाही त्याला फॉलोइंगमध्ये सरळ वेळेच्या क्रमानं दिसते. सोपेपणा आणि ताबा एकत्र कसे बसवायचे याचं मला दिसलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण हे फीडच आहे.

आणखी एक आवडलं, तुमच्या वेबसाइटचं नाव हेच तुमचं हँडल, म्हणजे तिथला पत्ता, होऊ शकते. न्यूयॉर्क टाइम्सचं हँडल म्हणजे त्यांच्या वेबसाइटचंच नाव, खरं-खोटं विचारायला नको. खातं आतून एका कायम ओळखक्रमांकाला बांधलेलं असतं, त्यामुळे हँडल बदललं तरी लोक तुटत नाहीत, आणि दुसऱ्या सर्व्हरवर गेलं तर पोस्टसकट जाता येतं. म्हणजे कागदावर मॅस्टोडॉनपेक्षा पूर्ण पोर्ट. पण कागदावर म्हणतो ते यासाठी की बहुतेक सगळे लोक अजून कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत आणि हलवायचं काम काकूंच्याच काय, माझ्याही हातचं एका दुपारचं नाही. रस्ता आहे पण त्यावर दिवे नाहीत. तो ज्या दिवशी १९०० वर एसएमएस टाकण्याइतका सोपा होईल त्या दिवशी मी पाच स्टार देईन, आनंदानं.

आणि घुबडाच्या अटीवर ब्लूस्काय नापास. तिथं सगळं उघडं आहे. फक्त फॉलोअरसाठी असा पर्यायच नाही, कुलूपवालं खातं नाही, तुम्ही कोणाला ब्लॉक केलं तेसुद्धा बाहेरच्यांना पाहता येते. लॉगिन न केलेल्यांना माझं खातं दाखवू नका असं एक बटन आहे, पण त्याखाली त्यांनीच लिहिलं आहे की ही फक्त विनंती आहे, बाकीची ॲप ती मानतीलच असं नाही. हे प्रामाणिक आहे, मला आवडलं, ज्या बटनानं पूर्ण संरक्षण मिळत नाही त्यावर तसं लिहिलेलंच पाहिजे. उत्तर कोण देऊ शकेल ते पोस्टगणिक ठरवता येते, आणि आपली पोस्ट कोणी टोमणा मारायला कोट केली तर तिथून काढून घेता येते. मॅस्टोडॉननं तर कोट करायची सोयच कितीतरी वर्षं मुद्दाम दिली नव्हती, दिली ती ४.५ या आवृत्तीत, आणि कोणाला कोट करू द्यायचं ते लिहिणाऱ्याच्या हातात ठेवून. उशीर झाला पण रीत बरोबर.

देवनागरीचं दुःख दोन्हीकडे सारखं. दिसायचं नाव मराठीत ठेवता येतं, पोस्टची भाषा मराठी अशी लावता येते, मराठीच पोस्ट पाहायच्या असं गाळता येतं, हॅशटॅगही देवनागरीत चालतात. पण पत्ता, हँडल, ते रोमन अक्षरांतच. काकूंचं म्हणणं, माझं नाव मी रोज जसं लिहिते तसं इथं काहून नाही लिहू द्यायचं? त्यांना तांत्रिक कारण सांगता येईल, पण प्रश्न त्यांचा रास्तच आहे.

नॉस्टर नावाचं तिसरंही पाहिलं, भाच्याच्या हट्टापायी. तिथं खातं कोणत्या सर्व्हरवाल्याच्या किंवा कंपनीच्या हातात नाही, तुमची एक गुप्त किल्ली म्हणजेच तुमचं खातं. ताबा पुरा तुमचा. पण किल्ली हरवली तर संपलं, पासवर्ड विसरलो हे बटन जगात कुठंच नाही, आणि चोरीला गेली तर ती परत घेऊन दुसरी लावायची सोय नाही. ज्या ग्रुपचं पेज आताच चोरीला गेलं त्याला मी हे नाही देऊ शकत. मेटा कंपनीच्या थ्रेड्सवर फेडिव्हर्सचं, म्हणजे मॅस्टोडॉनसारख्या सर्व्हरांशी जोडायचं, बटन आहे, ते आपण होऊन चालू करावं लागते, पण ते चालू केलं तरी खातं घेऊन बाहेर पडता येत नाही, म्हणून आमच्या कामाचं नाही.

मग आम्ही काय केलं, तर मॅस्टोडॉनवर एका मध्यम सर्व्हरवर घर केलं, आणि ब्लूस्कायवर खिडकी. ही खिडकी ब्रिजी फेड नावाच्या पुलानं होते, आणि तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय मला चैन नाही पडणार. रायन बॅरेट नावाच्या प्रोग्रामरनं हा पूल बांधला, म्हणजे मॅस्टोडॉनवरचं ब्लूस्कायवर दिसेल आणि तिकडचं इकडे. फेब्रुवारी २०२४ मध्ये यावर मोठं भांडण झालं, कारण आधी विचार असा होता की सगळे आपोआप पुलावर, ज्याला नको त्यानं नाही म्हणावं. सोपं होतं ते. पण लोक म्हणाले आमचं लिहिलेलं आम्हाला न विचारता दुसऱ्या गावी काहून नेता? बॅरेटनं ऐकलं, उलटं केलं, आता ज्याला पाहिजे त्यानं होय म्हणायचं. आणि होय म्हणायचं कसं, तर पुलाचं एक खातं आहे त्याला फॉलो करायचं. बस. नको झालं तर ब्लॉक करायचं. फॉर्म नाही, अटी-शर्तींची आठ पानं नाहीत. फॉलो आणि ब्लॉक या दोन गोष्टी काकूंना आधीपासून येतात, तेवढ्यातच पूर्ण संमती बसवली. आणि फक्त सगळ्यांसाठी असलेल्या पोस्ट पुलावरून जातात, कुलपातल्या कुलपातच राहतात. मी हे टपरीवर समजावून सांगत होतो तर काकू म्हणाल्या, "एवढंच?" हो काकू, एवढंच. इतक्या ॲपवाल्यांना इतकी वर्षं जे जमलं नाही ते एका माणसानं भांडणात हार मानून जमवलं, त्याला मी मनापासून मानतो.

स्टार द्यायचेच तर मॅस्टोडॉनला चार, त्यातला एक टस्कीचा आणि एक तिथल्या लोकांचा, कापलेला एक जुन्या पोस्ट सोबत नेता येत नाहीत त्याचा. ब्लूस्कायला साडेतीन. फक्त गप्पा, बातम्या, क्रिकेट, असं असेल तर सरळ ब्लूस्काय घ्या, काही विचार नका करू, तुमच्यासाठी तेच जास्त चांगलं. ग्रुप असेल, नोंदी असतील, काही झाकून ठेवायचं असेल तर मॅस्टोडॉन, पण पहिल्या आठवड्यात कोणीतरी सोबत बसणारं पाहिजे. आणि जमलं तर त्या सर्व्हरला वर्षाकाठी काही पैसे पाठवा, ते देणगीवर चालतात, आम्ही महिन्यातल्या एका रविवारचे पोहे सोडून तेवढे पाठवतो.

नोंदी आता तिथं टाकतो आणि दर महिन्याच्या शेवटी फाइल उतरवून दोन पेनड्राइव्हवर ठेवतो, एक माझ्याकडे, एक दादांकडे. पासवर्ड तिघांना माहीत आहे. टू फॅक्टर, म्हणजे पासवर्डच्या वर दुसरा कोड, लावल्यावर अडचणीच्या वेळी शिरायला दहा रिकव्हरी कोड मिळतात, ते कागदावर छापून घेतले, आणि तो कागद काकूंच्या लोखंडी कपाटात आहे. तिथंच त्यांच्या जुन्या वह्याही सापडल्या, पेज गेल्यावर त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं की त्या घरी येऊन रोजची नोंद वहीतही लिहायच्या. नऊपैकी साडेसहा वर्षं आहेत. दर रविवारी पोहे झाले की दोन पानं टाइप करतो आम्ही, काकू वाचून दाखवतात आणि दादा मधेच थांबवून विचारतात, त्या दिवशी आवाज कसा होता ते नाही का लिहिलं.